बाटल्या राखणाऱ्या मुलीच्या आईचं क्रीडाशिक्षकांना खुलं पत्र

राज्यातल्या शाळांमध्ये पी.टी.चा तास घेणाऱ्या सर्व सर-मॅडमना,

स.न.वि.वि.

शाळा सुरू होऊन आठवडा झाला. आता तासांची वाटणी होईल आणि मग पावसाची उघडीप बघून 15 ऑगस्टच्या कवायतीचा सराव लागेल. तो लागायच्या आत हे पत्र तुमच्यापर्यंत पोचावं म्हणून रात्रीची मशीन बंद करून लिहायला बसले आहे. मी शिवणकाम करते. ब्लाऊज, फ्रॉक, शाळेचे गणवेश. पुढच्या खोलीत दोन मशीन आहेत, त्यातली एक अजून पायमशीनच आहे. माझी मुलगी 13 वर्षांची. तुमच्यासारख्याच एका साध्या शाळेत सातवीत आहे. तिला डाऊन सिंड्रोम आहे. घरी तिला चिमी म्हणतो, पत्रातही तेच म्हणते.

मागच्या वर्षी 26 जानेवारीसाठी मुलींचं लेझीम पथक बसवायला घेतलं होतं. चिमीची जागा ध्वजस्तंभाच्या कट्ट्यावर. काम काय, तर सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या राखायच्या. "ती खूश असते हो," असं मला सांगण्यात आलं. असायचीच. तिला झाकणांच्या रंगाप्रमाणे बाटल्या लावायला आवडतात. गणवेश पोचवायच्या निमित्ताने मी तीन दिवस कुंपणापाशी थांबून बघितलं आणि तिसऱ्या दिवशी मोजलं. मापं घेऊन घेऊन मोजायची सवयच लागली आहे. पाऊण तासात पथकातल्या मुलींनी पहिला प्रकार साठ-सत्तर वेळा केला. चिमीने एकदाही नाही.

त्या सरांविरुद्ध माझी तक्रार नाही. साठ मुली, एक शिट्टी, एक फाटका ढोल आणि डोक्यावर प्रमुख पाहुण्यांची तारीख. त्यात ही पडली, हिला लागलं, तर जाब त्यांनाच द्यावा लागणार. त्यांच्या जागी मी असते तर मीही कदाचित तिला कट्ट्यावरच बसवलं असतं. माझी तक्रार हिशेबाची आहे. जिच्या अंगात एखादी हालचाल मुरायला सगळ्यात जास्त आवर्तनं लागतात, तिलाच सगळ्यात कमी मिळाली. आणि वर्षाच्या शेवटी तिच्या प्रगतिपत्रकावर शेरा आला, "शारीरिक कौशल्यात मागे."

हे अंग कसं असतं ते आधी सांगते, कारण बी.पी.एड.च्या पुस्तकात यावर फार तर अर्धं पान असेल. तुमच्या-माझ्या पेशीत 46 गुणसूत्रं, हिच्या पेशीत 47. 21 व्या जोडीत एक जादा. फ्रान्समध्ये जेरोम लेज्यून, मार्थ गोतिए आणि रेमों तुर्पें यांनी 1959 मध्ये हे जगापुढे आणलं. (नावातलं 'डाऊन' म्हणजे खाली नव्हे बरं का. 1866 मध्ये या मुलांचं वर्णन लिहून ठेवणाऱ्या इंग्रज डॉक्टरांचं ते आडनाव, जॉन लँग्डन डाऊन. शाळेच्या फाटकापाशी एका बाईंनी मला हळूच विचारलं होतं, "म्हणजे बुद्धी डाऊन असते का?")

त्या एका जादा गुणसूत्रापायी स्नायू ढिले राहतात आणि सांध्यांचे बंध सैल. धडाच्या मानाने हात-पाय आखूड, बोटंही आखूड. तोल, ताल आणि हालचालीतला नेमकेपणा सांभाळणारा लहान मेंदू आकाराने कमी भरतो. माझ्या भाषेत सांगते. तुमच्या बाकीच्या मुली पॉपलीन आहेत, न ताणणारं कापड; चिमी होजिअरी आहे, बनियनसारखं ताणलं जाणारं. होजिअरी शिवता येत नाही असं कुठलाही शिंपी म्हणणार नाही. पण पॉपलीनच्या हिशेबाने ओढलंत तर ती ताणली जाते, टाका सुटतो आणि आपण कापडाला नावं ठेवतो. सुई बदलायची, दाब कमी करायचा, ओढायचं नाही, मशीनला तिच्या गतीने घेऊ द्यायचं.

या मुलांचं पहिलं पाऊल साधारण दोन वर्षांच्या आसपास पडतं, काहींचं त्याहून बरंच उशिरा. चिमी सव्वीस महिन्यांची झाल्यावर चालली. त्याआधी दीड वर्षाची असताना तिच्या हृदयातलं भोक बंद केलं होतं. डाऊन सिंड्रोमच्या जवळपास निम्म्या मुलांना जन्मतः हृदयाचा काही ना काही दोष असतो. अमेरिकेत डेल उलरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 मध्ये एक प्रयोग छापला. नुकतीच बसायला लागलेली अशी 30 बाळं घेतली. निम्म्यांच्या आईवडिलांना घरी एक छोटी ट्रेडमिल दिली. बाळाला काखेत धरायचं, पाय पट्ट्यावर टेकवायचे, रोज आठ मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. ती बाळं बाकीच्यांपेक्षा 101 दिवस आधी चालली. फिजिओथेरपीच्या ताईंनी हे मला सांगितलं तेव्हा चिमी वर्षाची होती. माझ्याकडे कुठली ट्रेडमिल? पायमशीनचं पायडल होतं. मांडीवर बसवून तिचे तळवे माझ्या पावलांवर ठेवायचे आणि काज-बटणाचं काम संपेपर्यंत पायडल हाणायचे. त्याने ती लवकर चालली असा माझा दावा नाही. डोकं मात्र तिथून कामाला लागलं. आठ मिनिटं, पण रोज. आकड्याने फरक पडतो.

आता तुमच्या मैदानावर येते.

तुम्ही समोर उभे राहून ओरडता, "डावा पाय पुढे, लेझीम खाली, वळा, आवाज!" एका दमात चार हुकूम. पॉपलीनच्या मुली ते उचलतात. चिमी पहिल्या शब्दावर असते तोवर रांग वळलेली असते. कॅनडातल्या डिग्बी एलियट, डॅनियल वीक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 आणि 90 च्या दशकांत याच गोष्टीचा पिच्छा पुरवला. तीच हालचाल एकदा तोंडी सांगून करवून घ्यायची, एकदा करून दाखवून. डाऊन सिंड्रोम असलेली माणसं तोंडी सूचनेवर जास्त अडखळली. बुद्धीचा वेग साधारण तेवढाच असलेल्या, पण डाऊन सिंड्रोम नसलेल्या माणसांपेक्षाही जास्त. करून दाखवल्यावर मात्र त्यांचं बरंच सुधारत होतं. म्हणजे ऐकलेलं हातापायांपर्यंत पोचायची वाट त्यांच्यात अवघड आहे, बघितलेल्याची सोपी. त्यात या मुलांच्या कानात पडद्यामागे पाणी साठून ऐकू कमी येण्याचं प्रमाणही मोठं, नजरही बऱ्याचदा अधू. तुम्ही आवाज चढवता आणि ती तुमच्या तोंडाकडे बघत बसते. "लक्ष नाही हिचं," असं म्हणता. तिचं लक्ष पूर्ण आहे हो, फक्त ते तुमच्या ओठांवर आहे आणि तुमचे हात कमरेवर आहेत.

एक अगदी बारीक गोष्ट. दाखवताना तिच्याकडे तोंड करून दाखवू नका. समोरून बघितलं की तुमचा उजवा तिचा डावा होतो. तिच्याकडे पाठ करा, नाहीतर तिच्या बाजूला उभे राहा. मी शिवण शिकायला येणाऱ्या पोरींनाही मशीनच्या पलीकडून कधी शिकवत नाही, त्यांच्या मागे उभी राहते.

त्या 26 जानेवारीनंतर मी एक जुनी लेझीम मिळवली. तिचा दांडा चिमीच्या मुठीला जाड होत होता आणि गुळगुळीत असल्यामुळे निसटत होता. फ्लॅनेलची पट्टी गुंडाळून टाके घातले. मग आमचे रात्रीचे वर्ग सुरू झाले, मशीनवरचं शेवटचं काम झाल्यावर. आधी स्टुलावर बसवून नुसते हात. पायांचा विचारच नाही. चार ठोक्यांचा पहिला प्रकार घेतला आणि तो मागून शिकवला. पहिले तीन ठोके मी तिचे हात धरून करायची, चौथा तिने एकटीने. तो बसला की तिसरा आणि चौथा. हे मी लेझमीसाठी शोधलेलं नाही. बटण लावायला ती अशीच शिकली. मोठं कोटाचं बटण, ते काजातून अर्धं मी बाहेर काढायची आणि शेवटचं ओढणं तेवढं तिचं. काम पूर्ण झाल्याचा आनंद दर खेपेला तिच्याच वाट्याला येतो. पहिला ठोका आधी शिकवला तर दर खेपेला अर्ध्यावर अडकल्याचंच लक्षात राहतं. विशेष शिक्षक याला उलटी साखळी म्हणतात.

लेझमीची मला आवडलेली गोष्ट म्हणजे ती स्वतःच मास्तर आहे. नीट ताणली, नीट मिटली तर चकत्यांचा 'छन्न' असा एकच आवाज. चुकली तर खुळखुळ. बरोबर की चूक हे तिसऱ्या माणसाने सांगावं लागत नाही आणि तिथल्या तिथे कळतं. चिमी खुळखुळ झाली की थांबायची, लेझमीकडे रागाने बघायची आणि परत करायची. नाहीतर लोक या मुलांना काहीही केलं तरी "छान, छान" म्हणून टाळ्या वाजवतात. काहीच केलं नाही तरी वाजवतात. तिला ते कळतं. त्या टाळ्यांतून पुढच्या खेपेला काय वेगळं करायचं ते मात्र कळत नाही.

हात बसल्यावर पाय. फरशीवर शिंप्याच्या खडूने चार पावलं काढली. डावं निळ्याने, उजवं पांढऱ्याने. तिच्या मोज्यांनाही तसेच टाके घातले. मग हात आणि पाय एकत्र केले, आणि हातांचं सगळं मोडलं. दहा दिवस मोडलेलंच होतं. इथेच तुम्ही सोडून देता आणि मीही सोडायच्या बेतात होते. पण नवीन पोरगी पायमशीनवर बसते तेव्हा हेच होतं की. पाय चालला की हातातलं कापड वाकडं जातं, कापड सांभाळलं की पाय उलटा पडून दोरा तुटतो. म्हणून तर आपण आधी दोरा न ओवता कागदावर शिवायला लावतो. त्या पोरीला कोणी बाटल्या राखायला बसवत नाही.

रात्रीला साधारण 20 आवर्तनं, त्यापुढे तिचे खांदे गळायचे. हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानावर काड्या मारत गेले. चौथ्या दिवशी शेवटचा ठोका एकटीने आला. चारही ठोके हातापायांसकट लागोपाठ आले ते सहाव्या आठवड्यात. काड्या मोजल्या तर 840 च्या आसपास. आता पाऊण तासाला साठ-सत्तर हा तुमच्या मैदानावरचा आकडा घ्या आणि भागा. बारा-तेरा दिवसांचा सराव. पथकाचा सराव महिनाभर चालला होता. ती नुसती रांगेच्या टोकाला उभी राहून चुकत राहिली असती, तरी तिचे 840 तिथेच झाले असते.

त्यानंतर एकदा तिला ताप आला, आठ दिवस खाडा. परत धरलं तर काही येईना. मी हबकले. तीन दिवसांत सगळं परत आलं. तेव्हा दिवाळीच्या सुट्टीनंतर "विसरली, हिच्यात काही टिकत नाही" असं म्हणायची घाई करू नका. तीन-चार दिवस द्या.

सरावाने यांच्यात कितपत बदल होतो, यावर लोकांनी प्रयोगशाळेतही मापं घेतली आहेत. गिल अल्मेदा, डॅनियल कॉर्कोस आणि मार्क लॅटाश यांनी 1994 मध्ये डाऊन सिंड्रोम असलेल्या माणसांकडून कोपरातून हात झटकन वाकवण्याची एकच हालचाल शेकडो वेळा करून घेतली. सुरुवातीला संथ असलेले हात सरावाने चांगलेच वेगवान झाले. मला लॅटाश यांचं दुसरं म्हणणं जास्त पटतं. ही माणसं हळू आणि ताठरून हालचाल करतात तो बिघाडच असेल असं नाही, अंगाने स्वतःपुरता शोधलेला सुरक्षित मार्गही असू शकतो. आपल्या शरीराचा भरवसा नसला की माणूस स्नायू आवळून घेतो. ओल्या फरशीवर आपण चालतो तसंच. चिमी पायऱ्या उतरताना दोन्ही पाय एकाच पायरीवर आणून मग पुढची घेते. मागून मुलं "चल की!" म्हणून ढकलतात. तो धांदरटपणा नाही, तिचा सावधपणा आहे. भीती कमी झाली की वेग आपोआप येतो, धाकाने येत नाही.

सायकलचंही सांगायला हवं. त्याच उलरिक यांच्या गटाने 2011 मध्ये डाऊन सिंड्रोम असलेल्या 8 ते 15 वर्षांच्या मुलांबरोबर केलेला प्रयोग छापला. मागच्या चाकाच्या जागी रुंद लाटण्यासारखा रोलर बसवलेली सायकल. मुलाला जमत जाईल तसा कडांना निमुळता होत गेलेला रोलर बसवायचा, म्हणजे सायकल थोडी थोडी डुगडुगू लागते आणि तोल सांभाळणं हळूहळू अंगावर येतं. रोज 75 मिनिटं, पाच दिवस. 56 टक्के मुलं कोणी न धरता तीस फूट सायकल चालवायला शिकली. वर्षभराने बघितलं तर शिकलेली मुलं बाकीच्यांपेक्षा कमी वेळ बसून होती. बाकी 44 टक्क्यांना त्या पाच दिवसांत जमलं नाही, हेही सांगते. सगळ्यांना सगळं येतं असं मी म्हणत नाही. चिमीला दोरीवरच्या उड्या अजून येत नाहीत. दोन्ही पाय एकदम उचलायचे आणि त्याच वेळी मनगट फिरवायचं, हे तिच्याकडून कधी होईल का, माहीत नाही. पण 56 टक्के आकडा मैदानावर उतरवल्यामुळे कळला, कट्ट्यावर बसवून नाही.

तुमची भीती खोटी नाही, म्हणून काळजीचंही नीट सांगते. या मुलांच्या मानेतल्या पहिल्या दोन मणक्यांमधले बंध सैल असू शकतात. एक्स-रे काढला तर शंभरात दहा ते वीस जणांत तसं दिसतं, प्रत्यक्ष त्रास होणारे फार तर एक-दोन. पण तो त्रास मज्जारज्जूचा असतो. तेव्हा डॉक्टरांनी तपासून हो म्हणेपर्यंत कोलांटी नको, शीर्षासन नको, पाण्यात डोक्यावर सूर नको. पालकांकडून डॉक्टरांची चिठ्ठी मागा, आम्हाला राग येणार नाही. आणि एक्स-रे चांगला आला म्हणून कायमचे निर्धास्त होऊ नका. मान दुखते म्हणाली, मान एका बाजूला कलती राहिली, चालणं बदललं, हातातल्या वस्तू पडायला लागल्या, एरवी होत नसताना कपड्यात लघवी झाली, तर खेळ तिथल्या तिथे बंद आणि सरळ डॉक्टर. धावताना यांच्या हृदयाचे ठोके इतरांइतके वर चढत नाहीत, म्हणून लवकर दमतात. तो आळस नाही. अर्धी फेरी, मग बसणं, मग परत अर्धी.

आणि एक विनंती. चिमी पायाचा अंगठा सहज कपाळाला लावते. ते बघून एका शाळेत तिला थेट योगासनांच्या स्पर्धेला घालायचं ठरलं होतं. सगळे कौतुक करत होते, मला घाम फुटला. ती लवचिकता कमावलेली नाही, सांध्यांचा सैलपणा आहे. तिला अजून वाकवायचं नाही, आहे ते सांभाळायला बळ द्यायचं आहे. उठाबशा, पायऱ्या, दोरी ओढणं, जड पिशवी उचलणं. घरी मी तिच्याकडून कापडाचे गठ्ठे उचलून घेते.

कायद्याचं तुम्हाला माहीत असेलच. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016, कलम 16. भेदभाव न करता प्रवेश, आणि शिक्षणाबरोबर खेळाची संधी इतरांच्या बरोबरीने. 2023 मध्ये बर्लिनला स्पेशल ऑलिम्पिकमध्ये भारताने 202 पदकं आणली तेव्हा शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर दिवसभर टाळ्या आणि तिरंगे फिरत होते. मीही एक टाकला. पण चिमीसाठी मला पदक नको आहे. एस.टी.ची पहिली पायरी उंच असते, ती तिला कोणी काखेत हात न घालता चढता यावी आणि गाडी सुटली तरी दांड्याला धरून तोल सांभाळता यावा. त्यासाठी मात्र लंगडी, लेझीम, चेंडू झेलणं हे सगळं लागतं. झेलायला शिकवताना आधी फुगा घ्या, मग मोठा हलका चेंडू. फुगा हवेत रेंगाळतो, हात जागेवर आणायला तिला वेळ मिळतो.

या 15 ऑगस्टला आमच्या शाळेत परत लेझीम आहे. मी नव्या मॅडमना भेटून आले. चिमीला दुसऱ्या रांगेत उभी करा म्हटलं, पुढे चांगलं खेळणारी मुलगी असू द्या, म्हणजे ही तिच्या पाठीकडे बघून करेल. पहिल्या आठवड्यात नुसते हात, पाय जागेवर राहिले तर चालतील. वळायच्या ठिकाणी मैदानावर चुन्याची एक खूण करा, चुना मी आणते. वळताना ती चुकणार, दरवेळी चुकते. शेवटी सगळ्यांचं थांबल्यावर एक 'छन्न' जादा येईल. पाहुण्यांनी तो ऐकला तर ऐकू दे.

मॅडम ऐकून घेत होत्या, मग त्यांनी विचारलं, "पण मग बाटल्यांकडे कोण बघणार?" मी म्हटलं, कट्ट्यावर ओळीने ठेवायच्या. बाटल्या कुठे जात नाहीत.

आपली,
शिवणकाम करणारी एक आई